उघड्या टपाच्या गाडीतला भाडेकरू

आपल्यासारखा शोधक शंभर वर्षांत एकदाच जन्माला येतो, असं दाजी सांगत. मागच्या शंभर वर्षांतला कोण होता असं कुणी विचारलंच, तर तोही बहुधा मीच असणार, असं तितक्याच शांतपणे सांगत. त्यांच्या कार्डावर ठळक अक्षरांत 'शोधमहर्षी' छापलेलं होतं आणि खाली बारीक अक्षरांत 'गुप्त कामे उघडपणे केली जातील'. ही ओळ छापखान्याची चूक होती की दाजींचं धोरण, हे त्यांच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं.

नोकरीत असताना दाजी दुकानांतली वजनमापं तपासत. तराजूची मान जरा तिरकी दिसली की ते दुकानदाराकडे रोखून बघत आणि एकच वाक्य टाकत, "इथे कुठेतरी पाणी मुरतंय." दुकानदार घाबरून काही ना काही कबूल करून टाकायचा. निवृत्तीनंतर तराजू सुटले, वाक्य राहिलं. शेजाऱ्यांचं हरवलेलं मांजर असो की जिन्यातला गायब झालेला दिवा, प्रत्येक केसमध्ये दाजींना पाणी मुरताना दिसे, आणि ते नेमकं कुठे मुरतंय हे आजवर एकाही केसमध्ये सापडलं नव्हतं. मांजर आपल्या पायांनी घरी आलं तेव्हा 'आरोपी शरण आला' म्हणून त्यांनी केस मिटवली.

या थोर कार्यात त्यांचा साहाय्यक होता त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. चाळिशी आली तरी त्याला सगळे धाकटाच म्हणत. तो चष्म्याच्या दुकानात कामाला होता आणि दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा धरून "हे बरं दिसतं का ते?" असं विचारत असे. दाजींचं भिंग त्याच्याच दुकानातलं. ते भेट देताना आपण पुढे काय काय भोगणार आहोत, याची त्या गरिबाला कल्पना नव्हती.

धाकट्याने आयुष्यात एकच उधळेपणा केला. त्याने कन्व्हर्टिबल घेतली, म्हणजे टप मागे दुमडून उघडी करता येते तशी गाडी. जुनी होती, स्वस्त होती, रंग कधीकाळी लाल होता. विकणारे गृहस्थ पोहणं शिकवणारे निवृत्त मास्तर होते. किल्ली हातात देताना ते म्हणाले, "चांगली आहे गाडी. फक्त पाण्याची भीती धरू नका." मास्तर सगळ्यांनाच तसं म्हणत असतील, असं वाटून धाकट्याने ते कानाआड केलं.

गाडी दारापुढच्या झाडाखाली उभी राहू लागली. धाकटा रोज सकाळी तिला पाइपने अंघोळ घाली, पुसून लख्ख करी, आणि मग चालत दुकानात जाई. गाडीला आणि पाल्याला ती जागा फार मानवली.

आता डॉक्टरांबद्दल सांगायला हवं. ताईची, म्हणजे दाजींच्या बायकोची, दाढ दुखायची, आणि ती दुरुस्त करणाऱ्या दातांच्या डॉक्टर एकट्या राहायच्या. दाढेचं काम संपलं तरी ताईने जाणं सोडलं नाही, आणि अखेर एका रविवारी तिने धाकट्याला डॉक्टरांना गाडीतून फिरवून आणायच्या कामाला जुंपलं. धाकट्याला डॉक्टर पहिल्या वळणाच्या आतच आवडल्या. त्यांना गप्प बसता येत होतं, आणि गप्प बसलेल्या असतानाही त्या सोबत आहेत असं वाटत होतं. फेरी संपल्यावर मात्र डॉक्टर उठल्या तेव्हा त्यांचे कपडे मागून ओलेचिंब झाले होते. "सीट जरा गार आहे," एवढंच म्हणाल्या आणि बसने घरी गेल्या.

धाकट्याने त्या दिवशी सीट वाळवली, पंख्याखाली ठेवली, इस्त्रीसुद्धा फिरवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा ओली. काचा आतून धुरकट. पाऊस नाही, दारं कुलूपबंद.

"पुढच्या रविवारी त्या परत येतायत," ताई म्हणाली. "मी कसंबसं कबूल करून घेतलंय. पुन्हा भिजल्या तर त्या तुझ्याकडे फिरकायच्या नाहीत, आणि सोमवारी भंगारवाल्याला मी स्वतः बोलावून आणेन. लाल रंगाचा टब घेऊन ठेवलायस दारात."

गाडी गेली तर धाकटा रडला असता. डॉक्टर गेल्या तर त्याला रडूही आलं नसतं, इतकं वाईट वाटलं असतं. आणि बुडत्याला काडीचा आधार म्हणून तो दाजींकडे गेला.

दाजींनी गाडीभोवती फेरी मारली आणि काचेला भिंग लावलं.

"वाफ आतून आहे," ते म्हणाले. "वाफ म्हणजे श्वास. श्वास म्हणजे माणूस. तुझ्या गाडीत कुणीतरी राहतंय."

"दाजी, गाडीला कुलूप असतं."

"म्हणूनच त्याला सुरक्षित वाटतं."

मग दाजी मागच्या सीटवर बसले आणि दोघं गल्लीला फेरी मारून आले. डावीकडे वळताना मागून कुठून तरी खोलवरून आवाज आला, 'बुडुक'. उजवीकडे वळताना काही नाही. पुन्हा डावीकडे, पुन्हा 'बुडुक'.

"घोट घेतोय," दाजी कुजबुजले. "डावीकडे वळलं की घोट. म्हणजे बाटली त्याच्या उजव्या हाताला आहे. डावरा असता तर उलट झालं असतं."

वासही होता, तळघरातल्या पायपुसण्यासारखा. दाजींनी नाक पुढे करून निकाल दिला, "मोजे. एकच जोड. परिस्थिती बेताची आहे बिचाऱ्याची." तेव्हापासून ते त्याला भाडेकरू म्हणू लागले आणि स्वतःच्या नकळत धाकटाही म्हणू लागला.

भाडेकरूला पकडायला दाजींनी सीटवर बिस्कीट ठेवलं. सकाळी बिस्कीट जागेवरच होतं, पण फुगून मऊ झालेलं. दाजींनी ते दोन बोटांत धरून उजेडात पाहिलं. "खाल्लेलं नाही. चाटून ठेवलंय. याला सापळा म्हणजे काय ते कळतं. मुरलेला गुन्हेगार आहे."

त्याच दिवशी सीटच्या मागे, कार्पेटच्या कडेला, एक हिरवा कोंब दिसला. दोन पानं, तरतरीत. धाकटा खाली वाकून त्याच्याकडे बघत राहिला. त्याला त्या कोंबाचं कौतुक वाटलं आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

"शेती," दाजी म्हणाले. "लांबचा मुक्काम करायचा बेत दिसतोय."

संशय अर्थातच पोहण्याच्या मास्तरांवर गेला. दाजींचा तर्क बिनतोड होता. श्वास कोंडून आडोशाला पडून राहणं कुणाला जमेल? पोहणाऱ्याला. चावी कुणाकडे होती? मास्तरांकडे. "त्याने गाडी विकली, धाकट्या, पण सोडली नाही." दोघं मास्तरांच्या घरी गेले. दार मास्तरांनीच उघडलं. हातात वर्तमानपत्र, पायात दोन वेगवेगळे मोजे.

"तुम्ही घरी आहात?" दाजींनी विचारलं.

"आहे की. या."

दाजींनी धाकट्याला कोपरखळी मारली आणि परतताना समजावलं, "गाडीत नाही असं भासवायला घरी बसलाय."

राहिली पाळत. रात्रीच्या पाळतीने झोपमोड होते म्हणून दाजी दुपारी पाळत ठेवत. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत धाकटा घरी आला तर गाडीच्या काचा गच्च धुरकटलेल्या आणि आतून घोरण्याचा आवाज. धीर करून त्याने दार उघडलं तर मागच्या सीटवर दाजी, कमरेखाली भिजलेले.

"मला पाहून तो पळाला," दाजी डोळे चोळत म्हणाले. "जागा अजून ओली आहे."

धाकट्याने संध्याकाळी ताईला सांगितलं की रविवारचं राहू दे. ताई म्हणाली, आता नाही कळवता येणार, आणि कळवायचंच असेल तर तू कळव. धाकट्याने फोन हातात घेतला, नंबर लावला, डॉक्टरांचा आवाज ऐकला आणि "रविवारी नक्की ना?" असं विचारून फोन ठेवला. आपल्या जिभेचा त्याला फार राग आला.

रविवारी धाकट्याने गाडी नेहमीपेक्षा जास्त धुतली. पुढच्या सीटवर रबरी चटई, तिच्यावर टॉवेल, त्यावर दुसरा टॉवेल. डॉक्टर थेट दवाखान्यातून आल्या, हातात त्यांची कामाची पिशवी. टॉवेलांच्या थराकडे पाहून वर चढून बसल्या. मागच्या सीटवर, 'संरक्षण म्हणून', दाजी आधीच बसले होते, भिंगासकट, आणि खाली प्लास्टिकची पिशवी घेऊन.

पहिल्याच डाव्या वळणाला 'बुडुक'.

"जागा झाला," दाजी म्हणाले.

"कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"भाडेकरू."

धाकट्याला वाटलं, गाडीतच खड्डा पडावा आणि आपण त्यात गडप व्हावं. दाजींनी मात्र वाफेपासून शेतीपर्यंत सगळी केस डॉक्टरांपुढे मांडली, मास्तरांच्या मोज्यांसकट. डॉक्टर मान वळवून ऐकत होत्या. रुग्णाला नेमकं कुठे दुखतंय हे रुग्णालाच माहीत नसतं, या गोष्टीची त्यांना सवय असावी.

"तेव्हा डॉक्टर," दाजींनी समारोप केला, "एवढ्या वर्षांच्या अनुभवावरून सांगतो. इथे कुठेतरी पाणी मुरतंय."

"कुठे?"

"अं?"

"कुठे मुरतंय?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न दाजींना कुणीच विचारला नव्हता.

"थांबवा जरा गाडी," डॉक्टर धाकट्याला म्हणाल्या. "आणि टप अर्धा मागे घ्या."

धाकट्याने टप सरकवला. डॉक्टरांनी पिशवीतून दात बघायचा छोटा आरसा काढला, दुसऱ्या हातात बॅटरी धरली आणि टप जिथे दुमडतो त्या कोपऱ्यात वाकल्या. "आ," त्या सवयीने म्हणाल्या. धाकट्याने आपसूक आ केला.

"तुम्ही नाही. ही बघा, इथे पन्हळ आहे. टपावरचं पाणी इथे यायचं आणि या भोकातून खाली जायचं. भोक पाल्याने बुजलंय. मग ते जाणार कुठे? आत. कार्पेटखाली, सीटखाली, दाराखालच्या पोकळीत. तिथे साचलंय ते, आणि वळलं की हिंदकळतंय."

"आणि श्वास?" दाजींनी विचारलं.

"ओलं कार्पेट उन्हाने तापतं. वाफ होते."

"आणि शेती?"

"पाल्यातलं बी."

दाजींनी बिस्किटाबद्दल विचारायचं टाळलं.

वरच्या भोकातला पाला उपसून डॉक्टर खाली बसल्या आणि मागच्या चाकाजवळ, दाराच्या खाली, चिखलाने लिंपलेलं एक भोक त्यांनी बोटाने चाचपलं. पिशवीतून वाकड्या टोकाची बारीक सळई काढली. "ही सळई पुन्हा दवाखान्यात नेता येणार नाही आता," असं पुटपुटत त्यांनी ती आत घातली, हलकेच फिरवली, आणि बाहेर ओढली.

गाडीने चूळ भरली. आधी तपकिरी, मग गढूळ, मग बऱ्यापैकी स्वच्छ असं पाणी घळाघळा रस्त्यावर येत राहिलं. तिघं बाजूला उभं राहून बघत होते. जाणारा एक सायकलवाला थांबला, त्याने पाण्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि "पोहायचा तलाव का?" असं विचारून गेला.

"रोज धुता गाडी?" डॉक्टरांनी विचारलं.

"रोज," धाकटा म्हणाला. मग खरं ते सांगावं म्हणून, "आज दोनदा."

"म्हणजे तुम्हीच भरत होतात." त्या सळई पुसत हसल्या. "मी रोज लोकांना सांगते. काळजी जास्त झाली की घासून घासून हिरडीच जाते. कुणी ऐकत नाही."

धाकट्याला एकाच वेळी मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि फार बरंही वाटलं. इतक्या दिवसांत कुणी त्याला इतक्या प्रेमाने मूर्ख म्हटलं नव्हतं.

दाजी पुढे आले. त्यांनी भिंगातून रस्त्यावरच्या ओघळाची पाहणी केली आणि भिंग मिटून खिशात ठेवलं.

"मी पहिल्यापासून हेच सांगत होतो," ते म्हणाले. "पाणी मुरतंय."

आणि सांगत तर ते खरोखरच होते.

दाजींना घरी सोडून धाकटा डॉक्टरांना त्यांच्या दारापर्यंत घेऊन गेला. टप पूर्ण उघडा होता, वळणं डावी होती तशी उजवीही होती, आणि मागून कुणी घोट घेत नव्हतं. उतरताना डॉक्टरांनी मागे हात लावून पाहिला. कोरडं होतं.

"सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा," त्या म्हणाल्या.

धाकट्याने सगळा धीर एकवटला. "सहा महिने फार होतात."

डॉक्टरांनी जरा विचार केला. "मग रविवारी."

भंगारवाल्याला ताईने बोलावलं नाही. कोंब तिने खरवडून न काढता कुंडीत लावला आणि तो बऱ्यापैकी वाढला. गाडी आता आठवड्यातून एकदाच धुतली जाते, तीही कोरड्या फडक्याने. केस मिटली म्हणून दाजींनी कार्डावर 'जलतज्ज्ञ' हा शब्द वाढवून घेतला.

पण शोधकाच्या नजरेतून काही सुटत नाही. एका रविवारी दाजी बराच वेळ खिडकीत उभे होते. खाली धाकटा गाडीचं दार उघडून धरत होता, डॉक्टर काहीतरी सांगत हसत होत्या. सीटवर टॉवेल नव्हता.

"अगं, एक विचारू?" दाजी ताईला म्हणाले. "वाफ नाही, वास नाही, आवाज नाही. गाडी खणखणीत आहे. मग हे दोघं दर रविवारी गाडी तपासायला जातात कशाला?"

दाजींनी भिंग काढलं, गाडी कोपऱ्यावर वळून दिसेनाशी होईपर्यंत डोळ्याला लावून ठेवलं, आणि सावकाश मागे वळले.

"इथे कुठेतरी पाणी मुरतंय," ते म्हणाले.

"मुरू द्या," ताई म्हणाली.