चारशे तेराचा बोंबील

"उद्या तलासरीच्या बाजारात दुपारी बारा वाजता सुक्या बोंबलाचा भाव किलोला चारशे तेरा रुपये," उन्नतीने लॅपटॉपवर वाचलं आणि आईकडे पाहिलं.

जमुना पडवीत बसून टोपलीत बोंबील रचत होती. "तेरा कशाला? सरळ चारशे म्हण ना."

"मी नाही गं म्हणत, गणित म्हणतं. मागचे सगळे भाव, पाऊस, वारा, डिझेल, सणवार, सगळं कॉम्प्युटरला घातलंय. उद्या चुरी सर स्वतः येऊन बघणार. भाव जुळला तर प्रकल्प पास."

"नाय जुळला तर?"

"एमए एक वर्ष पुढे."

उन्नती अर्थशास्त्र शिकत होती. बाजाराचं शास्त्र म्हणजे माणसांच्या गोष्टी असतील, असं जमुनाला आधी वाटलं होतं. पण पोरीच्या पुस्तकात माणूस औषधालाही नव्हता, नुसती आकड्यांची आणि अक्षरांची जाळी. आता तिला एवढंच कळलं, की पोरीचं एक वर्ष तेरा रुपयांवर टांगलंय.

उन्नती आंघोळीला गेली तशी जमुना शेजारच्या जयवंतीकडे धावली. वरोरहून बाजाराला जाणाऱ्या बायकांत जयवंतीचा शब्द चालायचा.

"एवढंच ना?" जयवंती म्हणाली. "भाव कोण लावतं? आपण. मग उद्या बारापर्यंत कुणी चारशे तेरा सोडायचे नाय. रुपया वर नाय, रुपया खाली नाय. पोर पास झाली पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोत सगळ्यांनी दर्याची शपथ घेतली.

बाजार भरला. पहिलं गिऱ्हाईक जयवंतीपुढे उकिडवं बसलं. "तीनशेला दे."

"चारशे तेरा."

"बरं, साडेतीनशे."

"चारशे तेरा."

"अगं मावशी, चारशे घे, पण जरा हसून तरी बोल!"

जयवंती हसली. "चारशे तेरा," ती म्हणाली.

दुसऱ्याने चारशे वीस पुढे केले. सात रुपये सुट्टे कुणाकडेच नव्हते.

"राहू दे वरचे," तो म्हणाला.

"राहू दे कसं? भाव चढेल!" जयवंतीने त्याच्या पिशवीतून बोंबील परत काढून घेतले. माणूस रिकामी पिशवी घेऊन बराच वेळ तिथेच उभा राहिला.

तासाभरात बाजारभर बोभाटा झाला, की वरोरच्या बायकांना आज काहीतरी झालंय. कुणी म्हणालं ऊन लागलं, कुणी म्हणालं सरकारी माणूस तपासणीला यायचाय. लोक बघायला यायला लागले.

बाराच्या सुमाराला उन्नती चुरी सरांना एसटी स्टँडवरून घेऊन आली. उन्हामुळे सगळ्या टोपल्या फडक्यांनी झाकलेल्या होत्या, वर नमुन्याला चार-चार बोंबील.

"काय भाव?"

"चारशे तेरा."

उन्नतीचा चेहरा उजळला. दुसरी टोपली, चारशे तेरा. तिसरी, चारशे तेरा. पुढे पुढे तिचा चेहरा उतरत गेला. ओळीच्या शेवटी सरांनी चष्मा पुसला.

"उन्नती, गणित थोडं चुकायला पाहिजे गं. चार-दोन रुपये इकडेतिकडे. इतकं बरोबर कुणाचंच येत नाही. आकडा मागाहून घातलास का?"

"नाही सर!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

सर जमुनापुढे बसले. "साडेतीनशेने देता का अर्धा किलो?"

जमुना कासावीस झाली. "सर, घरी या, फुकट देते. इथे विकत घ्यायचा तर चारशे तेरा."

सरांनी टोपल्यांच्या ओळीवरून नजर फिरवली. मग त्यांना हसू फुटलं. "म्हणजे ठरवून आलात!"

"पोरीला ठाऊक नाय सर," जमुना हात जोडून म्हणाली. "शपथ आमची, तिची नाय. तिला नापास करू नका."

"याचंही गणित आहे," सर म्हणाले. "सगळ्यांनी मिळून भाव धरला, की प्रत्येकीला वाटतं, बाकीच्यांनी धरलाच आहे, मी एकटीने गुपचूप उतरवला तर माझा माल आधी जाईल. म्हणून कुणीतरी फुटतंच. मोठमोठ्या लोकांनी आयुष्यं घातलीत यावर."

"आमच्यात कोण नाय फुटत!" जयवंती कडाडली.

"मग मी हरलो. दंड म्हणून प्रत्येकीकडून एकेक किलो घेतो, चारशे तेराने. भरा."

कुणी हललं नाही. गिऱ्हाईक समोर, भाव मनासारखा, आणि फडक्याला हात लावायला कुणी तयार नाही. शेवटी सरांनीच जयवंतीचं फडकं उचललं. खाली टोपलीचं बूड दिसत होतं. शेजारणीच्या टोपलीत पालथी घमेली. तिच्या शेजारणीकडे नुसता कागद.

"कधी विकलास गं?" जयवंती ओरडली.

"तू चहाला गेलीस तेव्हा! आणि तू?"

"तू पोराला फोन करत होतीस तेव्हा."

या गलक्यात उन्नतीने आईचं फडकं उचललं. वरचे चार बोंबील खाली पडले. टोपलीत तेवढेच होते.

"आई, तूपण?"

"सगळ्यांच्या आधी," जमुना खालमानेने म्हणाली. "पास झालीस तर पुढची फी भरायला नको?"

सरांना हसू आवरेना. "जुना प्रकल्प राहू दे, आजचं हेच लिही. मी पास करतो. पहिली कोण फुटली तेही लिही."

उन्नतीने डोळे पुसले. "आई, तुझं नाव घालू?"

जमुनाने भांडणाऱ्या बायकांकडे एकदा पाहिलं आणि लेकीच्या कानाशी वाकली. "नाव घाल. मी उतरवलेला भाव नको घालू. मला यांच्याच टेम्पोने घरी जायचंय."