नांगरासकट देश

आमचा खारवली देश तरंगता आहे आणि तो समुद्रात एकाच नांगरावर उभा आहे. वादळ आलं की नांगर उचलायचा, देश बाजूला घ्यायचा, वादळ गेलं की परत यायचं, असं आमच्या घटनेतच लिहिलं आहे.

आजवर नांगर एकदाही उचललेला नाही. कारण पहिला हात कुणाचा, हेच ठरत नाही. नांगर टाकला पोशा तांडेलच्या पणजोबाने, म्हणून मान पोशाआजाचा. दोरखंड बांधलाय जोमा नाखवाच्या अंगणातल्या खुंटाला, म्हणून मान जोमाआजाचा. आपत्ती व्यवस्थापन समिती म्हणजे हे दोघंच. दर वादळाआधी बैठक होते, विषय पुढच्या बैठकीवर जातो आणि पश्चिमेची एक आळी समुद्रात जाते. गेलेल्या घरांना श्रद्धांजलीचा ठराव मात्र लगेच होतो. त्यात आमचे म्हातारे तरबेज आहेत.

यंदा पश्चिमेला एकच घर उरलं होतं, आमचं. आई म्हणाली, "मी इथून हलायची नाही. देशाला हलवा."

मी बैठकीत गेले. खिडकीतून वादळ दिसत होतं.

"दोघांनी मिळून उचला ना."

"मिळून?" जोमाआजा हसला. "पोरी, मान म्हणजे काय जेवणाची पंगत आहे, सरकून बसायला?"

"शाळा सोडलेल्या पोरीला काय कळणार," पोशाआजा म्हणाला.

"आधी शाळेनेच आम्हाला सोडलं, आजा. ती वाहून गेली तेव्हा तुम्ही इथंच बसला होतात. चहा पीत."

"उद्धटपणाची नोंद घ्या."

"घ्या. पण एक सांगा, नांगर उचलायला मान लागतो. देश वल्हवायला लागतो का?"

दोघांनी घटना चाळली. वल्हवण्याबद्दल त्यात अक्षर नव्हतं. घाम गाळायच्या कामात मान कोण मागणार!

"म्हणजे नांगर न उचलता?"

"नांगरासकट. ओढत नेऊ."

"मग हरकत नाही," जोमाआजा म्हणाला. "वाद शाबूत राहतो."

"शाबूत राहतो," पोशाआजाने मान डोलावली.

आम्ही पोरापोरींनी होड्यांतली सगळी वल्ही काढली आणि किनाऱ्याच्या कडेला पाय सोडून बसलो. हैसा म्हटलं, वल्ही पाण्यात घातली. देश जागचा हलेना. तळाशी नांगर खडकाला अडला होता. आम्ही घसा फुटेस्तोवर हैसा केलं. मग खालून खरडल्याचा मोठा आवाज आला, आणि माडांच्या शेंड्यांवरचा काळा ढग हळूहळू मागे पडायला लागला.

"हळू!" समितीच्या खिडकीतून ओरड आली. "चहा हिंदकळतोय!"

"सांडू दे, आजा!" सगळा किनारा ओरडला.

वादळ वेळेवर आलं. आमच्या जागेवर उभं राहिलं, गरगरलं. तिथं पाडायला काहीच नव्हतं. नुसतं पाणी. थोडा वेळ वाट पाहून ते निघून गेलं, आणि आम्ही वल्ही डोक्यावर धरून अख्ख्या देशभर नाचलो. एकही कौल पडलं नव्हतं.

वल्हवता वल्हवता देश अर्धा फिरला होता. आमचं घर आता पूर्वेला आलं होतं. आई दारात आली, डोळ्यांवर हात धरून तिने सूर्याकडे पाहिलं.

"ऊन थेट चुलीवर येतंय गो," ती म्हणाली. "अजून जरासा फिरवा."

आम्ही पुन्हा वल्ही पाण्यात घातली.