टेक्सासचे गुंतवणूकदार

राजीव देवपुजारीला बर्फावरच्या हॉकीतलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. ऑफिसच्या कामासाठी तो टेक्सासमधल्या प्लेनोहून पूर्वेकडच्या कॅरीला आला होता आणि धाकट्या बहिणीकडे, विनीताकडे उतरला होता. परतायच्या आदल्या संध्याकाळी भाची म्हणाली, "मामा, माझी टीम बघायला चल नं." उर्वी जवळच्या मिलब्रुक गावातल्या ऑटर्स नावाच्या हॉकी टीमची तिकीटविक्री सांभाळत असे. टीम लहान, मोठ्या लीगच्या बऱ्याच पायऱ्या खालची. पण भाचीची पहिलीच नोकरी, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

घोटाळा केला तो थंडीने. आत बर्फाचं अख्खं मैदान असतं आणि प्रेक्षकही जाड जॅकेटं घालून बसतात, हे राजीवच्या लक्षातच आलं नव्हतं. तो मीटिंगच्या ब्लेझरमध्ये तसाच आला होता. थोड्याच वेळात त्याचे दात वाजायला लागले. उर्वीला दया आली. वर काचेआड मालकाचा बॉक्स होता, तिथे हीटर होता आणि मालक सोडून सहसा कुणी नसायचं. तिने मामाला तिथे नेऊन बसवलं, हातात गरम कॉफी दिली आणि ती कामाला निघून गेली.

मालकाचं नाव बर्ट हॉलोवे. सत्तरीतला माणूस, गाद्यांच्या दुकानांवर पैसा केलेला. ब्लेझरमधला पाहुणा पाहून त्याने कुठून आलात असं विचारलं. राजीव म्हणाला, प्लेनो, टेक्सास. बर्टने खुर्ची जवळ ओढली आणि टीमचं रडगाणं सांगायला घेतलं. इमारत सरकारी, त्यामुळे पार्किंगचे पैसे सरकारला. खाण्यापिण्याचा ठेका दुसऱ्याच कंपनीचा. टीमच्या वाट्याला फक्त तिकिटं, आणि समोर निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या. गावाने नवं अरीना, म्हणजे बंदिस्त स्टेडियम, बांधून द्यावं, भोवतीची जमीनही द्यावी, म्हणजे तिथे हॉटेलं आणि फ्लॅट उभे करता येतील, असं त्याचं म्हणणं होतं. शिवाय लीग दरवर्षी नव्या गावांना टीम विकत होती आणि नव्यांनी भरलेली फी जुन्या मालकांत वाटली जात होती. म्हणून तोटा सोसूनही तो टीम सोडत नव्हता.

राजीव नागपूरचा. त्याला हे सगळं एकदम ओळखीचं वाटलं. वर्धा रोडवर लोक वर्षानुवर्षं प्लॉट धरून बसलेले त्याने पाहिले होते. तिथेही प्लॉटवर उगवत काहीच नसे, फक्त भाव वाढत असे.

"म्हणजे हॉकी हे निमित्त आहे," तो बर्टला म्हणाला. "खरा धंदा जमिनीचा. मग इथे कशाला अडकून पडलाय? आमच्याकडे प्लेनोच्या वर हायवेला लागून जमीनच जमीन पडली आहे. उचला टीम आणि चला."

विदर्भातला माणूस गप्पांच्या ओघात समोरच्याला जितक्या सहज आपल्या गावी बोलावतो, तितक्याच सहज तो हे बोलला. मात्र हीटरची ऊब शोधत तिथे आलेला आणखी एक माणूस मागे चिकन विंग्ज खात उभा होता. तो गावच्या वर्तमानपत्राचा बातमीदार निघाला.

सकाळी पोह्यांची बशी पुढे ठेवता ठेवता विनीताने फोन त्याच्यासमोर धरला. 'ऑटर्सवर टेक्सासच्या गुंतवणूकदाराची नजर' असा मथळा होता, आणि खाली काचेआडच्या राजीवचा फोटो. ब्लेझरमध्ये तो खरोखरच श्रीमंत दिसत होता.

"तू काय करून राहिलास, दादा?" विनीताने विचारलं. तिचा नवरा दिगंबर कमी बोलणारा माणूस होता. त्याने फोटो मोठा करून पाहिला आणि चेहरा चांगला आला आहे असं मत दिलं.

राजीव बातमीदाराला फोन लावणार इतक्यात ऑफिसातून उर्वीचाच फोन आला. तिच्या शेजारी बर्ट बसला होता. बर्टचं म्हणणं साधं होतं. टीम जाईल अशी भीती असल्याशिवाय गाव अरीना बांधणार नाही, आणि घेणारा कुणी दिसत असल्याशिवाय भीती वाटणार नाही. राजीवने खोटं काही बोलू नये, फक्त काहीच बोलू नये. मग उर्वी फोन घेऊन बाजूला गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "मामा, प्लीज डिनाय नको करू. अरीना नाही झालं तर बर्ट टीम बंद करणार आहे. आय लव्ह धिस जॉब."

काहीच न बोलणं राजीवला जन्मात जमलं नव्हतं. पण भाचीसाठी त्याने कबूल केलं.

प्लेनोला परतल्यावर त्याला कळलं की गप्प बसलेल्या माणसाबद्दल लोक वाटेल ते खरं मानतात. बातमी त्याच्याआधी पोचली होती. बातमीदाराचे फोन तो उचलत नव्हता, तर 'गुंतवणूकदाराने इन्कार केला नाही' अशी दुसरी बातमी आली. ऑफिसात साहेबाने त्याला बोलावून तू आमच्यात खूश आहेस ना, असं विचारलं आणि पूर्वी कधी न विचारलेली कॉफी विचारली. मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी दिवाळीच्या कार्यक्रमाला मुख्य प्रायोजक म्हणून त्याचं नाव परस्पर घालून टाकलं आणि मग कळवलं.

बायकोला, सीमाला, त्याने विमानतळावरच सगळं खरं सांगितलं होतं, आणि तिने हसून विश्वासही ठेवला होता. पण शनिवारी जमिनीचा एक दलाल चीजकेक घेऊन दारात आला. त्याने न सांगता बूट काढले, सीमाला मॅडम म्हटलं आणि हायवेलगतच्या जमिनीचा नकाशा डायनिंग टेबलावर पसरला. तो गेल्यावर तिने चीजकेक फ्रिजमध्ये ठेवला.

"राजीव, मी एकदाच विचारते," ती म्हणाली. "तुझ्याकडे पैसे आहेत का?"

"अगं, कुठून असणार?"

"मग हा माणूस बूट काढून का आला?"

सहा वर्षं ती स्वयंपाकघराचे ओटे बदलायचे म्हणत होती आणि तो पैसे नाहीत म्हणत होता. आता तिला त्या प्रत्येक नकाराचा नवा अर्थ लागायला लागला. ती भांडली नाही. तिने फक्त त्याच्याशी 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलायला सुरुवात केली, आणि घरात गप्प बसणारी माणसं दोन झाली.

महिन्याभरात मिलब्रुकच्या टाउन कौन्सिलने अरीनावर जाहीर सभा ठेवली. बर्टने विमानाचं तिकीट पाठवलं. काही बोलायचं नाही, ब्लेझर घालून पहिल्या रांगेत बसायचं, एवढंच काम होतं. राजीव जाऊन बसला. शेजारी उर्वी होती. तिने त्याच्या हातावर हात ठेवला होता.

बर्टने चित्रं दाखवली. काचेची इमारत, भोवती हॉटेलं, झाडाखाली हसणारी कुटुंबं. टाळ्या पडल्या. मग लोकांना प्रश्न विचारायची वेळ आली आणि मिसेस डन नावाच्या बाई माइकपाशी आल्या. त्या पूर्वी शाळेची बस चालवत. त्यांनी बर्टकडे पाहिलंही नाही. त्या राजीवला म्हणाल्या, "साहेब, अरीनासाठी कर्ज काढलं तर आमची लायब्ररी आठवड्यातले निम्मे दिवस बंद ठेवावी लागेल, असं हे लोक म्हणतात. माझी नातवंडं शाळा सुटल्यावर तिथेच बसतात. म्हणून तुमच्याच तोंडून ऐकायचं आहे. आम्ही नाही म्हटलं तर तुम्ही खरंच टीम नेणार?"

अख्खा हॉल त्याच्याकडे वळला. बर्टने किंचित मान हलवून गप्प राहायची खूण केली. राजीवने उर्वीकडे पाहिलं. लहानपणी सुट्टीत प्लेनोला आली की ती रोज त्याला लायब्ररीत घेऊन जायची आणि पिशवीभर पुस्तकं त्याच्या खांद्यावर द्यायची. तिने एकदा खाली पाहिलं, मग हात काढून घेतला आणि म्हणाली, "गो अहेड, मामा."

राजीव उठला. महिनाभर तुंबलेलं सगळं बाहेर पडलं. आपण गुंतवणूकदार नाही, तिकिटं विकणाऱ्या मुलीचे मामा आहोत, थंडी वाजली म्हणून त्या बॉक्समध्ये बसलो होतो, हे त्याने सांगितलं. आपल्याकडे पैसे नाहीत, आणि असते तरी ही टीम घेतली नसती, असंही सांगितलं. गर्दी नाही, इमारत आपली नाही, पार्किंग आपलं नाही, मग घ्यायचं काय? गावाला अरीना बांधायचंच असेल तर जमीन आणि पार्किंग गावाने स्वतःकडे ठेवावं, कारण कमाई तिथेच आहे. बोलता बोलता वर्धा रोडही येऊन गेला.

तो खाली बसला. मग मिसेस डन यांनी त्याचे आभार मानले आणि त्या समाधानाने जागेवर गेल्या. कौन्सिलने अरीनाला नकार दिला. उर्वी डोळे पुसत उठली, पण बाहेर पडताना तिने मामाचा दंड घट्ट धरला होता. लायब्ररी वाचली, माझी नोकरी गेली, असं ती म्हणाली आणि हसली. बर्ट पार्किंगमध्ये एकटाच उभा होता. राजीवने जवळ जाऊन माफी मागितली. तीस वर्षं गाद्या विकल्या, पण खरं बोलून सौदा मोडणारा माणूस पहिल्यांदा पाहिला, एवढंच बर्ट म्हणाला.

सौदा मात्र मोडला नव्हता. सभेचा व्हिडिओ पुष्कळ लोकांनी पाहिला, त्यात डॅलसजवळच्या सिमेंटवाल्या दोन भावांनीही पाहिला. समोर बसून मालाला इतकी नावं ठेवणारा माणूस घेणाराच असणार, भाव पाडतो आहे, याबद्दल त्यांना शंका उरली नाही. आपल्याच भागात टीम येते आहे आणि ती दुसराच कुणी नेतो आहे, हे त्यांना सहन होईना. राजीवच्या आधी त्यांनी बर्टला गाठलं आणि बर्टने स्वप्नातही मागितली नसती अशी किंमत देऊन टीम घेतली. नवं अरीना ते स्वतःच्याच जमिनीवर, स्वतःच्याच सिमेंटने बांधणार होते. जागा प्लेनोच्या वर, हायवेला लागून. ते होईपर्यंत टीम तिथेच जवळ भाड्याच्या मैदानावर खेळणार होती.

टीमबरोबर ऑफिसातल्या मोजक्या माणसांना नेणार होते. त्यात उर्वीचं नाव पहिलं होतं.

विनीताचा फोन आला तेव्हा राजीव अंगणात पानं गोळा करत होता. ती चिडलेली नव्हती आणि तेच जास्त कठीण होतं. आपण काही केलं नाही, हे तो पुन्हा पुन्हा समजावू लागला.

"एक संध्याकाळ तुला बसायला जागा दिली, दादा," ती म्हणाली. "टीम तुझ्या गावी, मुलगी तुझ्या घरी. आणि तू म्हणतोस, मी काही केलं नाही." मग तिचा आवाज जरा बदलला. उर्वीला सकाळी भूक लागत नाही, तरी काहीतरी खाऊ घालत जा, असं तिने सांगितलं.

सीमाने वरची खोली लावून ठेवली. कबीर, त्यांचा मुलगा, नोकरीसाठी सिएटलला गेल्यापासून ती बंदच होती. रविवारी दुपारी उर्वीची गाडी दारात थांबली. ती उतरली आणि मागोमाग गाडीच्या दुसऱ्या बाजूने एक माणूस उतरत राहिला. तो पूर्ण उभा राहिला तेव्हा त्याचं डोकं गॅरेजच्या दाराच्या वर पोचलं. समोरचे दोन दात नव्हते.

"मामा, हा ल्यूक. आमचा गोलकीपर," उर्वी म्हणाली. "प्लेयर्सची अपार्टमेंट्स रेडी नाहीयेत, सो ते होस्ट फॅमिलीजकडे राहतात. मी सांगितलं, माझ्या मामाकडे रूम्स आहेत."

"किती दिवस?"

"जस्ट द सीझन."

राजीवने मदतीसाठी सीमाकडे पाहिलं, पण ती तवा ठेवायला आत गेली होती. ल्यूक थालीपीठ खायला बसला. पहिलं त्याने सावधपणे खाल्लं, पुढची सावधपणा सोडून. सीमा बऱ्याच महिन्यांनी कुणाला तरी आग्रह करत होती आणि तिचा चेहरा फुलला होता. ती आणि उर्वी पीठ भिजवायला ओट्यापाशी वळल्या, तसा ल्यूक राजीवकडे झुकला. टीममधल्या सगळ्यांना ठाऊक आहे, असं तो खालच्या आवाजात म्हणाला. ते सिमेंटवाले भाऊ नुसते नावाला पुढे आहेत, खरे मालक कोण ते सगळे ओळखून आहेत. कुणालाही सांगणार नाही. पण टीम बंद पडली असती तर त्याला गावी जाऊन भावाच्या गॅरेजमध्ये टायर बदलावे लागले असते, म्हणून आभार मानायचे होते.

राजीवने सगळं समजावून सांगण्यासाठी तोंड उघडलं. ल्यूक इतक्या भक्तिभावाने वाट बघत होता की तोंडातला घासही त्याने चावायचा थांबवला होता.

राजीवने लोण्याची वाटी त्याच्याकडे सरकवली.

"नीट खा," तो म्हणाला. "आणि उद्या प्रॅक्टिसला वेळेवर जा. डावीकडून गोल फार जातात तुझे."