किन्हीराजाची ओहोटी

आमच्या किन्हीराजाहून समुद्र किती लांब आहे, मला ठाऊक नाही. पण तिथं ओहोटी केव्हा लागते ते पक्कं ठाऊक आहे. शेजारी किसनकाका आहेत ना! ‘बापू, ओहोटी लागली!’ असं ते कुंपणावरून ओरडले, की पुढचे दोन-तीन तास त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही.

त्यांची प्रणिता कोकणात कोळ्यांच्या बायकांना समुद्री शेवाळाची शेती शिकवते. बांबूचा तराफा करायचा, त्याला दोऱ्या ताणायच्या, दोऱ्यांना शेवाळाचं बियाणं बांधायचं; आणि हे सगळं ओहोटीत, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून. ज्या पोरीला काकांनी कधी विहिरीत डोकावू दिलं नाही, ती समुद्रात उतरली म्हटल्यावर त्यांचं जेवणच उडालं. ती बाहेर आल्याचा फोन येईपर्यंत उपास.

भरती-ओहोटीचा कागद त्यांनी मोटरच्या खोलीत, शेतीच्या लाइटीच्या वेळापत्रकाशेजारी चिकटवलाय. ‘समुंदर बरा बापा,’ म्हणतात, ‘रोज पाऊन तास सरकते, पर येते. लाइटीचा काई भरोसा हाये?’ वर पोरीला फोनवरून सल्ले: ‘युरिया नोको टाकू, वाहून जाईन. निंदन करून घेजो.’ तीही बिचारी ‘हो बाबा’ म्हणते.

परवा शिरपूरला लग्नात तर हद्दच झाली. पंगत बसली, पोळ्या आल्या, वांग्याची भाजी आली. काका मांडीवर हात ठेवून बसलेले. नवरीचे वडील धावत आले.

‘काहून जेवून नाई राह्यले? काई चुकलं काय आमचं?’

‘चुकलं नाई. ओहोटी हाये.’

अख्खी पंगत माझ्याकडे पाहू लागली, जसा काही मीच समुद्र घेऊन आलो होतो. माझं डोकं फिरलं.

‘काका, प्रणिता आता पान्यात उतरत नाई, काठावरून शिकवते. तुमीच सांगतलं नं दिवाळीत? मंग हे कायले?’

काका ताटाकडे पाहत म्हणाले, ‘पोट्टी काठावर हाये बापू. तिच्या भरोशावर उतरलेल्या बाया तं पान्यातच हायेत नं.’

मला माझीच लाज वाटली. तोडलेला घास मी परत ताटात ठेवला.

तेवढ्यात फोन वाजला. काकांनी तो कानाशी घट्ट धरला.

‘आल्या? साऱ्या? मोजल्या काय?’

मग उपरण्यानं डोळे पुसत त्यांनी वाढप्याला हाक मारली, ‘आन बापा, वरन आन! अठराच्या अठरा आल्या.’