लांडोरीचं बहुभाषारत्न

एका जंगलात सहा ओढे होते. जंगल दूर पश्चिमेकडचं, थंडगार. मुलांनो, तिथे ओढा ओलांडला की भाषा बदलायची. अलीकडे बेडकांची, पलीकडे लांडग्यांची, त्यापुढे अस्वलांची.

त्या जंगलात सारजा नावाची मैना नाटकं करायची. सकाळी बेडकांच्या भाषेत राणी, दुपारी लांडग्यांच्या भाषेत खाष्ट सासू. याचं तिथे कुणाला अप्रूप नव्हतं. सहा भाषा आल्या नाहीत तर नटीने खायचं काय, असं सगळे विचारत.

ही विद्या तिच्या आजीची. एका वर्षी महापूर आला, तेव्हा आजी सहाही ओढ्यांवर उडत गेली. ज्याला त्याला त्याच्या भाषेत ओरडून सांगत सुटली, "पूर येतोय, वर चढा!" सगळे वाचले. आजी मात्र दमून सहाव्या ओढ्यात पडली, ती परत वर आलीच नाही.

समुद्रापलीकडे एक थोरलं जंगल होतं. तिथे सगळे फक्त डरकाळीत बोलत. ससेसुद्धा! दुसरी भाषा आपल्याला येत नाही, हे ते ऐटीत सांगत. तिथल्या नाटकमंडळीचे मालक होते कोल्हेराव. त्यांनी सारजाच्या आजीवर नाटक काढायचं ठरवलं.

बातमी कळताच सारजा डरकाळी घोटायला बसली. जन्मात एकच भूमिका करायची तर ही, असं तिने मनाशी धरलं होतं. दोन हिवाळे घोटून झाल्यावर ती समुद्र ओलांडून गेली.

कोल्हेरावांनी तिची डरकाळी ऐकली आणि नाक मुरडलं.

"बाई, फारच स्वच्छ बोलता तुम्ही. परक्या वाटतच नाही. जरा मोडून बोला."

"कशी मोडू? बेडकासारखी की लांडग्यासारखी?"

"परक्यासारखी हो!"

"मालक, सगळे परके एकसारखं बोलत नाहीत."

"आमच्या प्रेक्षकांना सगळे सारखेच," कोल्हेराव म्हणाले.

आजीची भूमिका मिळाली थोरल्या जंगलातल्या रत्नमाला लांडोरीला. तिला मोडकी डरकाळी शिकवायचं काम दिलं सारजाला. आजीचं नाटक आहे, म्हणून ती बिचारी राहिली.

तालमीत आजी सहाही ओढ्यांवर डरकाळीतच ओरडू लागली. बेडकांना कळायचं, लांडग्यांनाही कळायचं.

सारजाचं टाळकंच सरकलं. "अहो, मग आजी उडाली कशाला? घरट्यात बसून एकदाच ओरडली असती की!"

"बरं, पुराचं एक वाक्य ठेवू तुमच्या भाषेत. तेवढीच रंगत," कोल्हेराव म्हणाले.

लांडोरीला तेवढंही जमेना. शेवटी तिने नुसती चोच उघडायची आणि सारजाने पडद्यामागून बोलायचं, असं ठरलं.

नाटक तुफान चाललं. "काय भाषा शिकली हो बाई!" असं म्हणत ससे डोळे पुसायचे. लांडोरीला 'बहुभाषारत्न' हा किताब जाहीर झाला.

समारंभाला सहा ओढ्यांवरच्या पाहुण्यांनाही बोलावलं होतं. त्यांना डरकाळी कळत नव्हती. मग दुभाषी कोण? अर्थात सारजा.

लांडोर डरकाळली, "माझी आई, माझे मालक आणि माझी पिसं, यांची मी ऋणी आहे."

सारजा पाहुण्यांकडे वळली. तिने सहा भाषांत सहा वेळा सांगितलं, "नाटकातलं 'पूर येतोय, वर चढा' हे पडद्यामागून मी बोलत होते. माझ्या आजीचं वाक्य होतं ते. हिला त्यातला शब्दही येत नाही."

पाहुणे ताडकन उठले. म्हातारे बेडूक रडू लागले. लांडग्यांनी माना वर करून सारजाच्या आजीच्या नावाने हेल काढला. टाळ्या थांबेनात.

थोरल्या जंगलाला त्यातलं अक्षरही कळलं नाही. आपल्या लांडोरीला परकेसुद्धा मानतात, म्हणून त्यांचा ऊर भरून आला. त्यांनी दुप्पट टाळ्या वाजवल्या. लांडोर सहा वेळा वाकली.

कोल्हेराव सारजापाशी येऊन म्हणाले, "भाषांतर छान केलंत हो. पुढच्या वर्षीही या."

तात्पर्य : मुलांनो, एकच भाषा शिका, फक्त ती थोरल्या जंगलाची असू द्या. बाकीच्या बोलायला पडद्यामागे कुणीतरी असतंच. आणि परके उठून टाळ्या वाजवू लागले, तर कुणासाठी ते विचारत बसू नका. वाकून मोकळे व्हा.