तेरावा रकाना

"ताई, तुझ्या या फॉर्ममुळे एक दिवस विमान गवतात जाईल," असं माझा धाकटा भाऊ मला म्हणाला, तेव्हा मी मुलीला भरवत होते. आधी तेरावा रकाना नीट भरायला शिक, मग विमानाची काळजी कर, असं सांगून मी मुलीचं तोंड पुसलं.

तो एका विमानकंपनीत सहवैमानिक आहे आणि मी त्याच कंपनीच्या वक्तशीरपणा विभागात. त्यांनी विमान आणायचं आणि ते उशिरा का आलं हे आम्ही विचारायचं, अशी कामाची वाटणी आहे. तशी मी काळजी करणाऱ्यांतली. मुलगी चालायला लागल्यापासून घरातल्या प्रत्येक टेबलाच्या कोपऱ्याला मी स्पंज चिकटवला आहे. नवऱ्याच्या कोपरांनाही चिकटवणार होते, पण तो ऐकत नाही.

विमान उतरवण्याचा नियम साधा आहे. जमीन हजार फुटांवर आली, की वेग, उंची, दिशा सगळं जागच्या जागी हवं. नसेल तर उतरायचं नाही. वर जायचं, एक फेरी मारायची आणि पुन्हा यायचं. हे वैमानिकांना पहिल्याच वर्षी शिकवतात. फेरीला बारा मिनिटं लागतात, हे मात्र आमच्या विभागाला कुणी शिकवावं लागलं नाही. म्हणून मी 'फेरी-स्पष्टीकरण पत्र' तयार केलं. रकाने एकतीस, प्रती तीन, दोन्ही वैमानिकांच्या सह्या. तेराव्या रकान्यात विचारलं होतं : 'सदर फेरी टाळता आली असती काय? असल्यास का टाळली नाही? नसल्यास कशावरून?' हा रकाना मला एका दुपारी, मुलगी झोपलेली असताना सुचला होता. माझा तो फार लाडका.

वेडंवाकडं येऊन तसंच उतरणाऱ्याला कुठलाही फॉर्म नव्हता. तो वेळेवर आलेला असे, त्याला काय विचारणार?

तीन महिन्यांत फेऱ्या चाळिसावरून दोनवर आल्या. विभागाला ढाल मिळाली, मला कुंडीतलं रोप. त्या दोन्ही फेऱ्या माझ्या भावाच्या आग्रहामुळे झाल्या होत्या. त्याचा दुसरा फॉर्म मी तीनदा परत पाठवला, कारण 'वेग जास्त होता' एवढंच लिहून तो मोकळा झाला होता. वेग कोणाच्या परवानगीने जास्त होता, याचा उल्लेखच नाही. वैमानिकांच्या खोलीत त्याला 'फेरीवाला' म्हणू लागले. घरी येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा आम्ही सगळे पोट धरून हसलो. तोही हसला, असं मला वाटलं.

पुढे मी मुलीला घेऊन आईकडून परत येत होते, तेव्हा विमानात तोच सहवैमानिक होता. मुख्य वैमानिक मखमलसाहेब. त्यांचं विमान टेकलेलं कळतसुद्धा नाही, म्हणून हे नाव. भावाने आमच्या सीटपाशी येऊन भाचीचा पट्टा ओढून पाहिला आणि कॉकपिटमध्ये गेला. माझ्या मुलीला आम्ही भिंगरी म्हणतो. ती अडीच वर्षांची आहे.

मी खिडकीतून बघत होते. मी नेहमीच बघते. घरांची छपरं मोठी व्हायला हवी होती तेव्हा झाली नाहीत, आणि मग एकदम फारच मोठी झाली. धावपट्टी सुरू झाली. अग्निशमनवाल्यांची गाडी गेली, विमानतळाची इमारत गेली, तरी चाकं हवेतच. मग माझ्या ऑफिसची खिडकी मागे गेली. ढाल तिच्या उजव्या बाजूला ठेवली आहे. भिंगरीला दोन्ही हातांनी दाबून धरून मी मनातल्या मनात म्हणत होते, धाकट्या, बोल रे. तू फक्त बोल, रकाना मी भरते.

चाकं टेकली ती अगदी मखमलीसारखी. फक्त धावपट्टी संपत आली होती. मग ती संपली, आणि गवत लागलं.

पुढचं चाक मोडलं, एका काकांचा पाय मुरगळला, बाकी सगळे धडधाकट होते. आम्हाला दारातून फुगवलेल्या घसरगुंडीवरून खाली सोडलं. भिंगरी खाली पोचली, गवतात उभी राहिली, मागे वळून वर बघितलं आणि म्हणाली, "पुन्हा." त्या अख्ख्या विमानात हे म्हणणारी ती एकटीच.

चौकशी समितीसमोर वैमानिकांच्या बोलण्याची टेप लावली. फॉर्मची कर्ती म्हणून मलाही बोलावलं होतं. भाऊ समोरच्या खुर्चीत नखं बघत बसला होता.

"साहेब, वेग जास्त आहे. फेरी मारूया?"

"मारूया की. तेरावा रकाना तू लिहिणार?"

यानंतर टेपमध्ये उंची सांगणारं यंत्र 'पाचशे' म्हणतं.

"मागचाच अजून मंजूर नाही, साहेब."

"मग राहू दे."

फॉर्म हजार फुटांवरही प्रभावी ठरतो, अशी नोंद एका सदस्यांनी करून घेतली. मी उठून म्हणाले, की फॉर्म माझा आहे आणि तो रद्द करा. अध्यक्ष मवाळपणे म्हणाले, की मुद्दा चांगला आहे, पण त्याला दहा-बारा मिनिटं तरी लागतील आणि बैठक वेळेत संपवायची आहे. त्यामुळे फॉर्म राहिला. शिवाय 'फेरी न मारल्याचे स्पष्टीकरण पत्र' सुरू करायचं ठरलं. ते माझ्याकडे दिलं, कारण मला आता प्रवासी म्हणूनही अनुभव आहे. आगमनाची वेळ दार उघडल्यापासून धरतात, आणि आमची दारं गवतात अगदी झटपट उघडली होती. त्यामुळे ते उड्डाण फलकावर चार मिनिटं लवकर आलेलं दिसतं. हिरव्या रंगात.

भावाला सध्या उड्डाणं नाहीत. तो आमच्याकडेच असतो आणि सगळ्याला "चालेल" म्हणतो. भिंगरीने बूट उलटे घातले, तरी चालेल. परवा मी मुद्दाम त्याच्या चहात मीठ घातलं. त्याने कप संपवला आणि छान झालाय म्हणाला. त्या दिवसापासून नव्या फॉर्मला मी हात लावलेला नाही. उशीर होतोय, होऊ दे.

तुमच्याकडेही असा एक असेल. ऑफिसात असेल, नाहीतर घरातच. "थांबा, एकदा परत बघूया" म्हणून तुमचा वेळ खाणारा. हल्ली तो काही बोलत नाही, आणि तुम्हाला वाटतंय की सुधारला. त्याला तेरावा रकाना कोणी दिला ते शोधत बसू नका, अक्षर तुमच्या ओळखीचं निघेल. आधी त्याच्याकडे जाऊन या. बरा आहेस ना, विचारा. "बरा आहे" म्हणाला, तर तिथून हलू नका. बारा मिनिटं जातील, जाऊ देत. पुन्हा विचारा.