चार तारा आणि एक खांब

व्हायोलिनची एक तार तुटली, तेव्हा एकच तार आणायची की चारही, एवढाच काय तो प्रश्न होता. एकच आणली असती तर पुढचं काही घडलं नसतं आणि माझ्या मेहुण्याला लोखंडी टेकू खांद्यावर घेऊन दोन जिने चढावे लागले नसते. पण मी चारही आणायचं ठरवलं. (मी सहसा काही ठरवत नाही. ठरवलं की हे असं होतं.)

आधी व्हायोलिन माझ्याकडे आलं कसं, ते सांगतो. माझी बायको सरकारी इस्पितळात नर्स. गेल्या वर्षी तिला बढती मिळून ती मेट्रन झाली आणि बढतीसोबत लांबच्या गावी बदली आली. मी पाणीपुरवठा खात्यात कारकून. मला बढती मिळत नसल्यामुळे माझी बदलीही होत नाही. त्यामुळे ती तिकडच्या क्वार्टरमध्ये आणि मी इकडे घरात. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. जेवणाचं काय केलंत, गॅस बंद आहे ना, दाराला कडी लावता ना. मी तिन्हीला हो म्हणतो. (पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ होऊ शकत नाही, हे आमच्या दोघांच्याही लक्षात आलेलं नाही.) मग दोघंही थोडा वेळ गप्प बसतो, आणि तेवढ्यात तिला वॉर्डातून कुणीतरी हाक मारतं.

ती गेल्यावर मला कळलं, की आमच्या घरात इतकी वर्षं जो आवाज व्हायचा तो सगळा तिचाच होता. माझा वाटा म्हणजे वर्तमानपत्राची पानं उलटणं. सुरुवातीला मी रेडिओ लावून ठेवू लागलो. काही दिवसांनी रेडिओवरच्या बाईंना उत्तरं द्यायला लागलो. एकदा त्यांनी "नमस्कार श्रोतेहो" म्हटल्यावर मी "या, बसा" म्हणालो आणि स्वतःच दचकलो. आता काहीतरी केलं पाहिजे, असं वाटलं. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या मुलीने कंटाळून माळ्यावर टाकलेलं व्हायोलिन होतं, ते मी घेतलं आणि बाजारामागच्या गल्लीतल्या एका निवृत्त संगीत मास्तरांकडे जायला लागलो.

मास्तर फार कमी बोलतात. माझं वाजवणं ऐकून तर आणखीच कमी. तरी त्यांनी चिकाटीने मला एक छोटी, संथ धून शिकवली. ही धून बायको रजेवर येईल तेव्हा वाजवून दाखवायची, असा माझा बेत होता. तोवर तिला कळू द्यायचं नव्हतं. शनिवारी ती दोन दिवसांसाठी येणार होती, कित्येक महिन्यांनी. आणि गुरुवारी सगळ्यात बारीक तार फट्‌कन तुटून माझ्या कानाला लागली.

मी मास्तरांना फोन केला. ते म्हणाले, "बाकीच्याही गंजल्यात. चारही बदला. साध्या स्टीलच्या घ्या. आणि एकेक करून बदला." यातली पहिली दोन वाक्यं मी ध्यानात ठेवली.

वाद्यांच्या दुकानात मी आत्तापर्यंत कधी गेलो नव्हतो. काउंटरमागे चष्मा कपाळावर ठेवलेले एक गृहस्थ होते. त्यांनी माझ्यापुढे पाकिटांचा ढीगच मांडला.

"कुठल्या दाखवू? स्टीलच्या, सिंथेटिक की आतड्याच्या?"

"कुणाच्या?" मी घाबरून विचारलं.

"मेंढीच्या. आवाज फार गोड. पण रोज सुरात लावावी लागते, हवा बदलली की रुसते."

मी पाकिटावरची किंमत पाहिली. मी सबंध व्हायोलिन जेवढ्याला घेतलं होतं त्याहून ती जास्त होती. मेंढी जिवंत घरी आणली असती तर स्वस्त पडली असती, शिवाय सोबत झाली असती. मी पाकीट जपून खाली ठेवलं.

"जरा परवडणारी दाखवा. पण अगदीच हलकी नको."

"वाजवणारे कोण? तुम्ही?"

इथे मी माती खाल्ली. माझ्या शेजारी एक तरुण मुलगी गजाला लावायची राळ घेत उभी होती आणि तिच्या पाठीवर व्हायोलिनची अशी ऐटबाज पेटी होती, की डोक्याचे केस पांढरे झालेल्या माणसाने तिच्यादेखत "हो, मीच शिकतोय" म्हणणं मला जमेना.

"छे, मी कसला. घरी एक मुलगा शिकतोय."

"वय काय?"

"नऊ," मी म्हणालो. आम्हाला मूलबाळ नाही. पण विचारल्याबरोबर तो मुलगा नऊ वर्षांचा होऊन माझ्यापुढे उभा राहिला, आणि खरं सांगायचं तर मला तो आवडला.

"सराव करतो का?"

"खूप. मात्र प्रगती बेताची आहे."

"करेल हळूहळू. त्याला स्टीलच्याच द्या. टिकतात, सुरात लवकर लागतात, पोराने ओढाताण केली तरी चिंता नाही." त्यांनी मागच्या खणातून एक पाकीट काढून दिलं. किंमत माझ्या आवाक्यातली होती. मी तरंगत घरी आलो.

शुक्रवारी ऑफिसातून आल्याबरोबर मी व्हायोलिन टेबलावर ठेवलं, चारही खुंट्या सैल केल्या आणि उरलेल्या तिन्ही जुन्या तारा एकदमच काढल्या. तारा गेल्याबरोबर त्या जिच्यावर टेकलेल्या असतात ती लाकडी घोडी आडवी झाली. आणि मग आतून, व्हायोलिनच्या पोटातून, ‘टक्’ असा आवाज आला. हलवून पाहिलं तर आत काहीतरी गडगडत होतं. मी तिकडे दुर्लक्ष केलं. (ऑफिसातही मी असंच करतो, आणि तिथे ते खपतं.) नवी तार लावायला घेतली तर ती खुंटीपर्यंत पोचेना. दुसरी घेतली, तीही पोचेना. दमट हवेने व्हायोलिन लांब झालं की काय, अशी मला शंका आली.

घाबरून मास्तरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "एकेक करून म्हटलं होतं. आतला खांब पडला. दोन लाकडांच्या मधे एक छोटी काडी उभी असते, तारांच्या दाबावर टिकते ती. आता काही करू नका. मी येतो."

त्यांचा फोन ठेवतो न ठेवतो तोच बायकोचा आला. तिच्या तीन प्रश्नांना मी हो, हो, हो केलं, पण आवाज कापत होता.

"काय झालंय?" ती म्हणाली.

"काही नाही. तू येणार म्हणून तारा बदलायला घेतल्या. सगळ्या एकदम काढल्या, तर आतला खांब पडला."

"आतला खांब पडला? तुम्हाला लागलं का?"

"कालच लागलं जरासं, कानाला. पण तू काळजी करू नकोस. मास्तर येतायत, ते उभा करतील..."

आणि माझ्या फोनची बॅटरी संपली. हिला व्हायोलिनचं काहीच माहीत नाही, हे माझ्या डोक्यात आलं तेव्हा चार्जर सापडत नव्हता.

माझा मेहुणा बांधकामाची कंत्राटं घेतो. तो याच गावात राहतो, पण त्याची बहीण बदलीवर गेल्यापासून आमच्याकडे फिरकला नव्हता. पाऊण तासात जिन्यावर धाडधाड आवाज आला आणि दारात मेहुणा उभा. डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर लोखंडी टेकू, मागे दोन गवंडी.

"भाऊजी, आधी बाहेर या. स्लॅब कुठे खचलाय?"

मी टेबलाकडे बोट दाखवलं. त्याने टेबलाकडे पाहिलं, टेबलावरच्या छताकडे पाहिलं, हाताने भिंत ठोकून पाहिली.

"ताई रडत होती फोनवर. म्हणाली, तुम्ही वायरिंग उपटलंत, घराचा खांब कोसळला, तुम्हाला कालपासून मार लागलाय आणि शाळेतले मास्तर तो उभा करायला येतायत. कुठला खांब?"

"याच्यातला," मी म्हणालो आणि व्हायोलिन त्याच्या कानाशी नेऊन खुळखुळवलं.

मेहुणा खुर्चीत बसला. हेल्मेट काढून गवंड्यांना म्हणाला, "टेकू खाली नेऊन ठेवा." पण ते गेले नाहीत. त्यांना आत काय पडलंय ते बघायचं होतं.

एवढ्यात मास्तर आले, आणि त्यांच्यामागून खालच्या मजल्यावरच्या काकू. जिन्यावरून टेकू वर गेलेला पाहून त्या आल्या होत्या. टेबलावरचं व्हायोलिन पाहून त्या थबकल्या.

"म्हणजे संध्याकाळी हे वाजतं होय?"

"त्रास होतो का तुम्हाला?" मी ओशाळून म्हणालो.

"तसं नाही हो." काकूंनी पदर सावरला. "आम्हाला वाटायचं, बाई बदलीवर गेल्यापासून तुम्ही रोज रडता. पुरुषमाणूस एकटा रडतोय, कसं जायचं वर, म्हणून कुणी आलं नाही. मीच सगळ्यांना बजावून ठेवलं होतं."

कुणी हसलं नाही. मास्तर तेवढे खिडकीकडे वळले आणि त्यांचे खांदे थोडा वेळ हलत होते. मी हसायला गेलो, पण ते काही नीट जमलं नाही.

मग मास्तरांनी वाकड्या टोकाची एक सळई काढली, आतली काडी तिच्या टोकावर घेतली आणि व्हायोलिनच्या पोटातल्या फटीतून ती उभी करू लागले. मेहुण्याने टॉर्च धरला. "डावीकडे, अजून जरा, ओळंब्यात येऊ द्या," असं तो सांगत होता. मी सगळ्यांसाठी चहा टाकला. एवढे कप आमच्याकडे आहेत, हे मी विसरूनच गेलो होतो. खांब उभा राहिला, जुन्या तीन तारा परत चढल्या, तरी कुणी उठेना. मी दुसऱ्यांदा चहा टाकला. (तिसऱ्यांदाही टाकणार होतो, दूध संपलं.)

सगळे गेल्यावर मी कप लगेच धुतले नाहीत. टेबलावर तसेच राहू दिले.

शनिवारी सकाळी पाकीट बदलून घ्यायला गेलो. दुकानदारांनी तारा पाहिल्या. "लहान मापाच्याच आहेत, नऊ वर्षांच्या पोराला बरोबर. काय झालं?"

"तो मोठा झाला."

"परवापासून?"

"हो."

त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, माझ्याकडे एकदा नीट बघितलं, आणि काही न विचारता पूर्ण मापाच्या साध्या स्टीलच्या तारा दिल्या. घरी येऊन मी त्या लावल्या, एकेक करून. आवाज खणखणीत होता. दुपारपर्यंत धून दोनदा न अडखळता आली. मी दाढी केली, शर्ट बदलला.

मग तिचा फोन आला. हाताखालची नर्स आजारी पडली होती, रजा रद्द.

"पुढच्या महिन्यात बघते," ती म्हणाली.

"हो, हो. काम आधी."

"भाऊ म्हणाला, तुम्ही व्हायोलिन शिकताय. मला बोलला नाहीत ते?"

"तू आल्यावर वाजवणार होतो."

ती थोडा वेळ गप्प होती. आज तिला कुणी हाक मारली नाही.

"मग आता वाजवा की," ती म्हणाली. "मी खोलीतच आहे. एकटीच आहे."

मी फोन टेबलावर ठेवला, डोळे मिटले आणि वाजवलं. इतकं मनापासून मी आयुष्यात दुसरं काही केलं नसेल. शेवटचा सूर लांबवला, हळूच सोडला, आणि फोन कानाला लावला.

"अहो, कुठे आहात?" ती म्हणत होती. "मघापासून लाइनमध्ये नुसती खरखर चालली होती, आत्ता कुठे थांबली. हं, करा आता सुरुवात."